वर्ग सोडायचा, की वर्गातली जागा बदलायची?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): सात वर्षं पाचवी ते सातवीला गणित शिकवते आहे. चार तुकड्या, प्रत्येकी पस्तीस मुलं. विषय आवडतो, मुलंही आवडतात. तरी सुट्टी संपत आली की पोटात गोळा येतो. वह्यांचे गठ्ठे, निकालपत्रकं, हक्काच्या मोकळ्या तासाला लागणारे बदली तास, रात्री दहाला येणारे पालकांचे मेसेज... गेल्या सत्रात एका मुलाला सगळ्यांसमोर टाकून बोलले, ते अजून मनातून जात नाही. मैत्रीण एका शाळेत वर्गसहायक आहे, म्हणजे शिक्षक शिकवत असताना अडणाऱ्या मुलाशेजारी बसून त्याला मदत करते. तिला ना वह्या, ना निकाल. तसं काम घ्यावं का? घरचे म्हणतात, सात वर्षं पाण्यात घालू नकोस. सहायक होऊ, शिकवणंच सोडू, की आहे तिथेच रेटत राहू?

सप्रेम नमस्कार.

शिकवणं नको झालंय आणि ही नोकरी नको झालीय, या दोन गोष्टी तुमच्या पत्रात एकात एक गुंतल्या आहेत. त्या सोडवल्याशिवाय कुठलंही उत्तर दिलं तरी ते अंदाजाने दिलेलं असेल. पत्र एकदा स्वतःच वाचून बघा. तक्रारींच्या यादीत वह्या आहेत, पत्रकं आहेत, बदली तास आहेत, मेसेज आहेत. फळ्यासमोरची चाळीस मिनिटं मात्र कुठेच नाहीत. अपवाद एकच, त्या मुलाला बोललात तो प्रसंग. त्याकडे पुढे येऊच.

आणि सहायकाच्या कामाबद्दल सुरुवातीलाच सांगून टाकतो: ते विसाव्याचं ठिकाण नाही. शिक्षकाच्या कामातून वह्या आणि निकाल वजा केले की सहायकाचं काम उरतं, असा हिशेब तुम्ही मांडलाय. तो चुकलेला आहे. ते कसब वेगळं आहे. काही उत्तम शिक्षकांना ते अजिबात जमत नाही.

आधी पंधरा दिवसांची नोंद

कामाचे पंधरा दिवस घ्या, परीक्षेचे किंवा निकालाचे दिवस टाळून. खिशात मावेल अशी छोटी डायरी ठेवा. प्रत्येक तास संपला की, मोकळा किंवा बदली तास असला तरी, दोनच खुणा करायच्या. पहिली खूण म्हणजे उणे दोन ते अधिक दोन यातला एक आकडा. दुसरी एक अक्षर, म्हणजे त्या तासाला ज्याने सगळ्यात जास्त दमवलं किंवा उभारी दिली ते: मुलांसमोरचं काम असेल तर ‘मु’, कागदाचं असेल तर ‘का’, मोठ्या माणसांचं (पालक, सहकारी, मुख्याध्यापक) असेल तर ‘मा’, आणि घसा, पाय, डोकं असं काही असेल तर ‘श’. घरी नेलेल्या कामाचीही रात्री अशीच एक नोंद.

इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एक, लोक निबंध लिहायला बसतात आणि चौथ्या दिवशी डायरी कपाटात जाते. एका नोंदीला दहा सेकंदांवर वेळ द्यायचा नाही. दोन, दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी आठवून लिहितात. तोपर्यंत दिवसातला सर्वांत वाईट तास बाकीच्या पाचांना रंगवून गेलेला असतो. म्हणून तास संपल्या संपल्या, पुढच्या वर्गाच्या दारापर्यंत पोचायच्या आत.

पंधरा दिवसांनी फक्त उण्यांची बेरीज करा, अक्षरावारी. अधिकचे आकडे तूर्त बाजूला ठेवा, ते पुढे लागतील.

‘का’ जड निघाला तर

आमचा अंदाज, हाच निघेल. तुमचेच आकडे घेऊ. चार तुकड्या, एकशे चाळीस वह्या. एका वहीला तीन मिनिटं धरली तर एका फेरीला सात तास. आठवड्यात दोन फेऱ्या करत असाल तर चौदा तास. तुलनेसाठी सांगतो: ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने 2013 मध्ये तीसहून अधिक देशांतल्या शिक्षकांची जी पाहणी केली, तिच्यात सरासरी आठवडा सुमारे 38 तासांचा निघाला होता. त्यातले 19 तास प्रत्यक्ष शिकवण्याचे, 7 पूर्वतयारीचे आणि 5 तपासणीचे. तुमची तपासणी त्याच्या जवळपास तिप्पट होते आहे. एवढ्या ओझ्याखाली कुणालाही आपण चुकीच्या व्यवसायात आलो असं वाटेल.

गणिताच्या वह्या तपासायची एक हलकी रीत आहे. रोजच्या दहा गणितांतलं एकच निवडा, ज्यात त्या धड्याची मेख आहे असं. वही उघडायची, तेवढंच वाचायचं. पस्तीसेक सेकंदांत होतं. एका तुकडीला वीस मिनिटं, चारींना ऐंशी. वाचता वाचता वह्यांचे तीन गठ्ठे करा: जमलंय, मध्येच अडलंय, वाटच चुकलीय. कोऱ्या कागदावर वाट चुकलेल्यांच्या दोन-तीन ठळक चुका नावाशिवाय उतरवून घ्या आणि दुसऱ्या दिवसाचा तास त्या फळ्यावर लिहून सुरू करा: ‘यात काय बिघडलंय?’ बाकीची नऊ गणितं मुलांनी उत्तरं बघून स्वतः तपासायची. सगळी वही नीट वाचणं महिन्यातून एकदा. आठवड्याच्या दोन फेऱ्या चौदा तासांवरून पावणेतीन तासांवर येतात. आणि मुलाला वहीतल्या बरोबर-चूकच्या खुणांपेक्षा हे जास्त लागू पडतं, कारण चूक दुसऱ्याच दिवशी, ताजी असताना समोर येते.

अडचण येईल ती शाळेच्या नियमाची: पानापानावर लाल शाई हवी. मुख्याध्यापकांकडे जाताना ‘फार काम होतंय’ असं म्हणत जाऊ नका. त्यावर ‘सगळ्यांनाच आहे’ एवढंच उत्तर मिळतं आणि विषय तिथेच संपतो. मागणी लहान आणि मोजता येईल अशी ठेवा: ‘सहावीच्या एका तुकडीत एक सत्र असं तपासून बघते. सत्र संपल्यावर चारही तुकड्यांच्या घटक चाचणीचे गुण शेजारी शेजारी ठेवून दाखवते.’ सोबत एका आठवड्याच्या तासांचा हिशेब एका कागदावर. नाही म्हणाले, तर तेही कळलं. मग अडचण शिकवण्यात नाही, त्या शाळेत आहे.

‘मा’ किंवा ‘श’ जड निघाला तर

‘मा’ बद्दल फार लांबण लावत नाही. माणसांचा त्रास शाळेसोबत बदलतो. व्यवसाय न सोडता शाळा सोडता येते. नव्या शाळेत विचारायचे प्रश्न दोन: आठवड्यात सरासरी किती बदली तास लागतात, आणि पालकांच्या मेसेजला किती वाजेपर्यंत उत्तर देणं अपेक्षित आहे. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला तर समजून जा.

‘श’ मात्र अनेकजण हसण्यावारी नेतात. अमेरिकेतल्या दोन राज्यांत झालेला, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झाल्याचं सांगणारे शिक्षकांमध्ये सुमारे 58 टक्के होते आणि इतरांमध्ये सुमारे 29 टक्के. घसा बसणं हा आपल्या कामातला नेहमीचा अपघात आहे, आणि तो बराचसा टाळता येतो. गोंगाटावर आवाज चढवायचा नाही. ठरलेली खूण (हात वर, किंवा फळ्यावर दोन टकटका) करायची आणि शांतता होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कारण त्या कोनातून मागच्या बाकापर्यंत पोचायला आवाज जास्त ताणावा लागतो. दर तासाला चार घोट पाणी. दुखऱ्या घशाने कुजबुजत शिकवणं वाईटच, त्यानेही ताण पडतो. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

‘मु’ जड निघाला तर

मग प्रश्न खरा आहे. तरी एक चाचणी अजून बाकी राहते. त्या उण्या तासांतली नेमकी कुठली मिनिटं वाईट गेली? बहुतेक वेळा उत्तर येतं ते पहिली पाच मिनिटं आणि एका कामातून दुसऱ्या कामात जातानाचा गोंधळ. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी 1970 च्या सुमारास वर्गांच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या. शांत वर्ग आणि विस्कटलेले वर्ग यांत शिक्षक रागावतात कसे यात फारसा फरक सापडला नाही. फरक होता तो आधीचा: सगळीकडे नजर असणं, आणि एका कामातून दुसऱ्यात वर्ग न अडखळता नेणं. हे दोन्ही स्वभावात असावं लागत नाही, शिकता येतं.

दोन आठवडे एवढंच करा. मुलं वर्गात यायच्या आत फळ्यावर एक गणित लिहिलेलं हवं, आदल्या आठवड्यातलं, बहुतेकांना जमेल असं. सूचना एका दमात तीनच: वही काढा, नवं पान उघडा, पहिलं गणित सोडवा. त्या देताना तुम्ही एका जागी उभ्या. सूचना देत देत वर्गात फिरलात की मुलांची नजर तुमच्या मागे फिरते, कान नाही. आणि प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात मोजलं तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब व्हायला लागली, गप्प मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, फळ्यासमोर उभं राहून थांबून बघा.

दोन आठवड्यांनीही ‘मु’चे आकडे उणेच राहिले, मुलं शांत आणि शिकती असतानाही तुम्हाला तिथे असणं नको वाटत असेल, तर शिकवणं तुमच्यासाठी संपलं असू शकतं. असं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता तो प्रसंग. कामाने जळून जाण्याची (बर्नआउटची) जी मोजपट्टी ख्रिस्तिना मास्लाख आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडली, तिच्यात तीन बाजू आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसांपासून तुटलेपण, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. शिक्षकाच्या बाबतीत दुसरी सर्वांत आधी कानाला ऐकू येते. मुलांची नावं जाऊन ‘तो मागच्या बाकावरचा’, ‘ती रडकी’ अशी टोपणनावं येतात, आणि स्टाफरूममध्ये त्यावर हशा पिकतो. तुम्हाला त्या मुलाचं अजून लागून राहिलंय. म्हणजे थकवा आहे, पण तुटलेपण आलेलं दिसत नाही. त्या मुलाला एकटं गाठून दोन वाक्यं बोला: ‘त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला तसं बोलायला नको होतं. माझं चुकलं.’ पुढे ‘पण’ लावायचा नाही. ‘पण तू सुद्धा...’ म्हटलंत की आधीची दोन वाक्यं पुसली जातात. उशीर झालाय म्हणून टाळू नका, मुलं असे प्रसंग वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये अशा जळून जाण्याला कामाशी निगडित अवस्था म्हटलं, आजार नव्हे. पण त्याच्या आड खरा आजार लपू शकतो. झोप, भूक उडाली असेल, सुट्टीच्या दिवशीही कशातच मन लागत नसेल आणि हे सलग दोन आठवडे चाललं असेल, तर राजीनाम्याच्या आधी डॉक्टर. अशा अवस्थेत घेतलेला निर्णय नोकरीबद्दलचा असतोच असं नाही.

वर्गसहायकाचं काम जवळून

एक क्षण घ्या. तुम्ही सहायक आहात. शेजारच्या मुलाने 52 वजा 27 समोर 35 लिहिलंय. तुम्हाला दिसतं: लहान आकडा मोठ्यातून वजा केलाय, एककात सातातून दोन, दशकात पाचातून दोन. सात वर्षांची सवय बोट पुढे करते, ‘दशक सुटा कर ना’. सहायकाचं काम त्या बोटाला आवरण्याचं आहे.

आधी काहीच नाही, मनात दहापर्यंत मोजायचं. अनेकदा मूल स्वतःच परत बघतं. नाही बघितलं तर फक्त एककाच्या घराकडे पेन्सिलीचं टोक, शब्द नाही. मग प्रश्न: ‘दोनातून सात जातात का?’ मग शेजारच्या कागदावर दुसरंच उदाहरण, 43 वजा 18, तुम्ही करून दाखवायचं. आणि अगदी शेवटी, मुलाचं स्वतःचं गणित मिळून. कमीत कमी मदतीपासून जास्तीकडे, एक एक पायरी. शेवटी वहीत नोंद: ‘52 वजा 27, दुसऱ्या पायरीवर जमलं.’ महिनाभरात पायरी खाली सरकायला हवी. सरकत नसेल तर मदत चुकीची चालली आहे.

हा क्रम उलटा झाला, म्हणजे सहायकाने आधीच सांगून टाकलं, की मूल वहीकडे बघायचं सोडून सहायकाच्या चेहऱ्याकडे बघायला शिकतं. भुवई हलली की खोडरबर. मुलाला दिलेल्या अशा आधारासाठी वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी 1976 मध्ये बांधकामातला शब्द घेतला होता, परांची. परांची लावतात ती उतरवण्यासाठीच. मूल तुमच्याशिवाय जितकं काम करेल तितके तुम्ही यशस्वी, आणि तितक्या त्या वर्गात अनावश्यक. सात वर्षं वर्गाच्या मध्यभागी उभ्या राहिलेल्या माणसाला हे पचायला जड जातं.

दुसरी गोष्ट बसण्याची. बाकावर अगदी खेटून, मूल आणि वर्ग यांच्या मध्ये बसलात तर शिक्षक त्या मुलाला प्रश्न विचारणंच बंद करतात. ‘त्याला बघायला आहे कुणीतरी.’ बाजूला, किंचित मागे बसायचं. शिक्षक बोलत असताना तुम्ही बोलायचं नाही, नाहीतर मुलाच्या कानात दोन तास एकदम चालतात. मधल्या सुट्टीत चार हात लांब, कारण मोठं माणूस चिकटून असलेल्या मुलाशी कुणी खेळायला येत नाही.

पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या शाळांत 2003 ते 2008 अशी पाच वर्षं सहायकांच्या कामाची पाहणी केली. 2009 मध्ये निष्कर्ष आले ते अनेकांना बोचले: सहायकांची मदत जास्त मिळालेल्या मुलांची प्रगती, तशाच पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा, कमी होती. दोष सहायकांचा नव्हता. आज काय शिकवणार हे सहायकाला मुलांबरोबरच, वर्गात कळत होतं. शिक्षकाशी बोलायला वेळच ठेवलेला नव्हता. आणि समजण्यापेक्षा काम पुरं करून घेण्यावर भर होता. याउलट, प्रशिक्षण घेतलेल्या सहायकाने ठरलेल्या आराखड्यानुसार लहान गटाला 20 ते 50 मिनिटं, आठवड्यातून तीन ते पाचदा, 8 ते 20 आठवडे सलग शिकवलं, तर फायदा दिसतो. तिथल्या शाळांसाठी 2015 मध्ये आलेल्या एका मार्गदर्शिकेत हेच आकडे दिले होते.

म्हणून जागा घेण्याआधी शाळेला विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. धड्याचं टाचण मला आदल्या दिवशी मिळेल का? शिक्षकाशी बोलायला आठवड्यात किती मिनिटं, आणि ती पगारातली की माझ्या सुट्टीतली? मूल गैरहजर असेल किंवा शाळा सोडून गेलं तर माझं काय? अशा नेमणुका अनेकदा मुलाशी किंवा वर्षाशी बांधलेल्या असतात, मूल गेलं की जागा गेली. मूल मारतं, चावतं, पळून जातं का, आणि त्या वेळी काय करायचं याचं प्रशिक्षण कोण देणार? शौचाला नेणं, उचलणं माझ्याकडे आहे का, आणि तेव्हा दुसरं मोठं माणूस सोबत असेल का? पालकांशी मी बोलायचं की शिक्षकाने? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. दारात उभ्या पालकांनी ‘आज कसा होता?’ विचारलं आणि तुम्ही खरं सांगितलं, की संध्याकाळपर्यंत शिक्षक नाराज झालेले असतात.

मैत्रिणीबद्दल एक शंका. तिला वह्या नाहीत हे खरं, पण नोंदी? रोजची निरीक्षणं, वर्तनाच्या खुणा, तज्ज्ञांच्या बैठकीसाठी टिपणं? तिला नेमकं विचारा. आणि तिच्या शाळेची परवानगी मिळत असेल तर एक पूर्ण दिवस जाऊन बसा, पहिल्या घंटेपासून शेवटच्या मुलाला घ्यायला घरचे येईपर्यंत. दोन तास बघून काही कळत नाही, सगळी मजा दुपारनंतर सुरू होते.

सर्वांत कठीण काय पडेल ते सांगतो. समोरचा शिक्षक अपूर्णांक चुकीच्या वाटेने शिकवतोय, तुम्हाला ते दिसतंय, आणि तुम्ही गप्प आहात. आज, उद्या, सत्रभर. हे जमेल का, याचं उत्तर दुसरं कुणी देऊ शकणार नाही.

आता ते बाजूला ठेवलेले अधिकचे आकडे काढा. सगळ्यात चांगल्या तासांत तुम्ही काय करत होतात? एकट्या मुलाजवळ वाकून बसला होतात, त्याचं कुठे अडलं ते शोधत होतात, तर सहायकाचं काम तुम्हाला मानवेल. पस्तीस चेहरे एकदम उजळले म्हणून तो तास चांगला गेला असेल, तर सहायक म्हणून तुम्ही चार महिन्यांत कंटाळाल. आणि उण्यात ‘मु’ जड असेल, तर ही जागा घेऊच नका. तिथे मुलं आणखी जवळ असतात, दिवसभर.

बाहेर पडायचं ठरलं तर

‘सात वर्षं पाण्यात’ हा हिशेब मान्य करू नका. ती वर्षं तुम्ही थांबलात तरी होऊन गेलीत, गेलात तरी होऊन गेलीत. निर्णय पुढच्या वर्षांचा आहे. शिवाय त्यातून मिळालेलं काही तुमच्याकडून निघून जात नाही. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये ते वेगळं काढून दाखवलं: विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याच्या रीतींचं वेगळं, आणि हा विषय या मुलांना कुठे अडतो याचं ज्ञान तिसरंच. ते फक्त वर्गात उभं राहून मिळतं.

उदाहरण द्यायचं तर, तीन चतुर्थांश अधिक एक द्वितीयांश याचा बहुपर्यायी प्रश्न करायचाय. बरोबर उत्तर पाच चतुर्थांश. चुकीचे पर्याय कुठले ठेवाल? नवखा माणूस कुठलेही तीन आकडे टाकेल. तुम्ही चार षष्ठांश ठेवाल (वरच्यांची बेरीज, खालच्यांची बेरीज), चार चतुर्थांश ठेवाल (छेद सारखा केला, अंश बदलायला विसरले) आणि तीन अष्टमांश ठेवाल (गुणाकार करून बसले). आता कुठला पर्याय निवडला यावरून मुलाचं काय बिघडलंय ते कळतं. चाचण्या तयार करणाऱ्या, पाठ्यसामग्री लिहिणाऱ्या, शिकण्याची ॲप बनवणाऱ्या संस्थांना हेच कसब लागतं. अर्जासोबत असे वीस प्रश्न जोडा, प्रत्येक चुकीच्या पर्यायामागचं कारण एका ओळीत लिहून. ‘सात वर्षांचा अध्यापनाचा अनुभव’ या ओळीपेक्षा ते वजनदार ठरतात. कंपन्यांमधलं कर्मचारी-प्रशिक्षण, संग्रहालयांचे शैक्षणिक विभाग, शिक्षक-प्रशिक्षण, हेही दरवाजे आहेत. खासगी शिकवणी मात्र जपून. ती शाळा सुटल्यानंतरच्या वेळात चालते, म्हणजे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. ज्या वेळेसाठी तुम्ही नोकरी सोडताय तीच जाते.

पैशांचा हिशेब कागदावर मांडा. समजा आजचा पगार 100, घरखर्चातला तुमचा वाटा 80, सहायकाचा पगार 60. दर महिन्याला 20 कमी, वर्षाला 240. पण पगार फक्त शाळा चालू असतानाचाच, दहा महिन्यांचा मिळणार असेल, तर वर्षाला हातात 600 आणि खर्च 960. तूट 360, म्हणजे आजच्या साडेतीन पगारांहून जास्त. हे लोक नोकरी बदलल्यावर, पहिल्या लांब सुट्टीत शोधून काढतात. पगार बारा महिन्यांचा की दहाचा, हा मुलाखतीतला पहिला प्रश्न.

परतीची वाट उघडी ठेवा. युनेस्कोच्या 2024 च्या अहवालानुसार 2030 पर्यंत जगात 4 कोटी 40 लाख शिक्षक आणखी लागणार आहेत, आणि प्राथमिक शिक्षक व्यवसाय सोडून जाण्याचं प्रमाण 2015 मधल्या 4.6 टक्क्यांवरून 2022 मध्ये 9 टक्क्यांवर गेलंय. अनुभवी गणित शिक्षकाला दोन-तीन वर्षांनी परत घेतलं जाणं अवघड नसतं, मात्र कागद जिवंत हवेत. पात्रतेची किंवा नोंदणीची मुदत कधी संपते बघा, अनुभवाचा दाखला जातानाच घ्या, नंतर तो मिळवायला खेटे घालावे लागतात.

राजीनामा सत्राच्या शेवटी, सूचनेची मुदत मागे मोजून. सत्राच्या मधोमध सोडलंत तर चार तुकड्यांना बदली शिक्षकांवर दिवस काढावे लागतात, आणि पुढच्या नोकरीसाठी तुमच्याबद्दल चौकशी होते तेव्हा आठवण त्याचीच निघते. मुलांना शेवटच्या पंधरवड्यात सांगा, आधी नाही. आधी कळलं की वर्ग तुमच्या हातून सैल व्हायला लागतो, प्रेमानेच होतो, पण होतो. येणाऱ्या शिक्षकासाठी तुकडीमागे एकच पान लिहून ठेवा: कुठपर्यंत झालं, कुठला घटक कच्चा राहिला, कुणाला पुढे बसवायला लागतं आणि का. ज्याला टाकून बोललात त्या मुलाचं नाव त्या पानावर आलं, तर त्याच्यासमोर त्याला जमणाऱ्या एका गोष्टीची नोंद नक्की करा.